तंगूस

होडीत चढताना काठावर पाय देऊ नका,
मधली फळी धरा, पाऊल पोटात टाका,
असं शेवंता मल्लाव म्हणाली
आणि मी काठावरच पाय दिला.
हिप्परग्याचं पाणी तिथं गुडघ्याएवढं,
म्हणून फक्त चपला गेल्या.
एक तिनं वल्ह्यानं ओढून आणली.
"पहिला मासा," म्हणाली. हसली नाही.

बत्तीस वर्षं मी टॉवेलच्या मागावर उभा होतो,
अक्कलकोट रोडच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
चोवीस माग. तिथं चहा मागायचा तरी बोंब मारायची.
शेड बंद झाली, आवाज बंद करायचा राहून गेला.
होडी मधोमध आल्यावर मी विचारलं,
"किती खोल आहे?"
आणि पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.
"येमूलभाऊ," ती म्हणाली,
"चिलापीला कान दिसत नाहीत खरे,
पण तिला आता तुमचं नाव, गाव, पेन्शन सगळं कळलं."
मग आम्ही बराच वेळ काहीच केलं नाही.
हेही शिकण्यातलंच होतं, मला वाटलं ती रुसली.

उघड्या पाण्यात गळ टाकू नये.
बुडालेल्या बाभळीचे शेंडे जिथं दिसतात
तिथं होडी नेऊन दगड सोडायचा,
सोडायचा म्हणजे उतरवायचा, आपटायचा नाही,
झोपलेलं पोर खाली ठेवतात तसा.
गळ लहान घ्या. तोंड तिचं भुईमुगाच्या शेंगेएवढं,
तुम्ही आणलाय तो कटल्याचा आकडा.
गांडुळाचा तुकडा नखाएवढा, शेपूट लोंबू द्यायची नाही.
मोरपिसाचा देठ दोऱ्यावर सरकवत सरकवत
आमिष चिखलाच्या वीतभर वर राहील असं बघायचं.
खाली रुतलं तर तिला दिसत नाही,
फार वर राहिलं तर ती येत नाही. बाकी तुमचं नशीब.

"दोरा बोटावर घ्या," ती म्हणाली. "डोळ्यांनी मासा लागत नाही."

तंगूस माझ्या तर्जनीवर आला
आणि मला हसू फुटलं.
ताण्यातला एक धागा सैल पडला
तर अंधारात, पाठमोरा, मला कळायचं.
देठ हलायच्या आधी मी म्हणालो, आहे.
हळू म्हणालो.
"चाखतेय," ती म्हणाली. "गिळत नाही ती. थांबा."
पुन्हा टिचकी. पुन्हा.
तुटायच्या आत धागा पकडायची सवय वाईट.
मी हिसका दिला.

मासा आला, पण तोंडाला गळ नव्हता,
कल्ल्यामागं बरगडीत अडकला होता.
पाठीचा काटा डोक्याकडून मागं निजवत
तिनं तो मुठीत धरला, आणि माशानं तोंड उघडलं,
आणि तोंडातून पिल्लं पडली.
होडीच्या तळाच्या पाण्यात, माझ्या एका चपलेभोवती,
मोहरीएवढी, डोळ्यांची, चाळीस असतील, साठ असतील.

"ही पोरं तोंडात असताना खात नाही," शेवंता म्हणाली.
"उपाशी होती ती. येऊन नुसतं बघत होती."

तिनं गळ काढला. मला टमरेल दिलं.
मी वाकून एकेक पिल्लू गोळा करत राहिलो,
दुपार कलली, बगळे परत येऊन बसले.
आई आधी सोडायची की पिल्लं, हे मला ठाऊक नव्हतं.
तिलाही नव्हतं. दोन्ही एकदम सोडली.
ती त्यांना पुन्हा तोंडात घेते का ते दिसलं नाही,
पाणी गढूळ होतं.

संध्याकाळी घरी जाऊन मी राजमणीला म्हटलं,
जेवायला वाढ.
ती स्वयंपाकघरातून बाहेर आली,
माझ्या कपाळाला हात लावून बघितला.
"बरं वाटत नाहीये का?" तिनं विचारलं.
ओरडून.