डावा पाय

केरसुणीची तार सोडवून
त्यानं ती ठोकली घराच्या भिंतीलाच,
खाली सरकवली औषधाची रिकामी बाटली.
आजीनं केरसुणीचा हिशेब पाठीवर चुकता केला.
भिंत मात्र आतून घुमत राहिली म्हणे, रात्रभर.

आयझम टॅलिव्हर. माझा बाप.
शनिवारी मिसिसिपीकाठच्या दारूच्या खोपटात,
रविवारी त्याच बोटांनी
चर्चच्या बाकाची कड घट्ट धरून.

एकोणीसशे तीस. मेम्फिसमधल्या हॉटेलची खोली,
खिडक्यांना गोधड्या, ऑगस्टचा उकाडा.
साहेब म्हणाला, पाय आपटू नकोस.
पाय थांबला की गाणं थांबायचं.
पुन्हा पाय, पुन्हा साहेब.
शेवटी पायाखाली उशी दिली.
दोन गाणी, वीस डॉलर, परतीचं तिकीट.
कंपनी वर्षभरात बुडाली.
तबकडी आमच्या घरी आलीच नाही,
आली असती तरी वाजवणार कशावर?

मग उत्तरेला. गॅरी, इंडियाना, पोलादाची भट्टी.
माझ्या वेळी गिटार गहाण पडली.
आईची सुटका झाली,
गिटारीची नाही.

चोपन्न साली खनिजाच्या डब्यानं
डावा पाय घोट्यापासून नेला.
कंपनीनं लाकडाचा दिला.
"गिटारही लाकडाचीच," तो म्हणाला,
"पण तिला ठेका कळायचा."

बासष्टमध्ये दोन गोरी पोरं दारात.
टॅलिव्हर तुम्हीच का?
त्याला वाटलं, हप्तेवाले. म्हणाला, तो मेला.
दुसऱ्या दिवशी ती परत आली, तबकडी घेऊन.
सुई टेकली. तापल्या तेलात पाणी पडावं तसा आवाज,
आणि त्यातून एक बावीस वर्षांचा पोरगा.

बाप हलला नाही.
दुसऱ्या कडव्याला पुटपुटला, "घाई करतोय."
मग बराच वेळानं,
"हे वाजवलं कसं यानं?"

तो हिवाळाभर उसन्या गिटारीवर
त्या पोराकडून शिकत होता. पोरगा शिकवायचा कडक,
एकदाही थांबायचा नाही.

पुढे मोठी सभागृहं, बिल्ले, टाळ्या.
घरी येऊन कुरकुरायचा:
कुणी नाचत नाही, कुणी सुरा काढत नाही,
परीक्षेला बसल्यासारखे बसतात.

शेवटच्या वर्षी बोटंही गेली.
रात्री दोन-तीनला हाक यायची.
मी तबकडी लावायचे, दिवा न लावता.
गाण्याकडे त्याचं लक्ष नसायचं.
त्याच्या खाली, उशीतून, दबका, न चुकता,
ठप्. ठप्.

"लाव ती," म्हणायचा,
"पाय अवघडलाय."