बोटभर जास्त

आमच्या घरात दोन बायबलं होती.
एटेल्काचं माझ्यापेक्षा बोटभर जाड,
लग्नात तिच्या आईनं दिलेलं, तांबड्या फितीची खूण असलेलं.
माझं बापाचं, काळ्या पुठ्ठ्याचं, सहासष्ट पुस्तकांचं.
डेब्रेत्सेनच्या पिवळ्या चर्चमध्ये
लहानपणी आम्ही ती यादी घडाघडा म्हणायचो,
पाढे म्हणावेत तशी.

एकेचाळीस वर्षं ती दोन्ही एका फळीवर राहिली,
भांडली नाहीत.
भांडलो आम्ही. तेही फारसं नाही.
"वरचं बोटभर तुम्ही घातलंत," मी म्हणायचो.
"तुम्ही काढलंत," ती म्हणायची,
आणि त्या रात्री सूपमध्ये मिरची जरा सढळ पडायची.

शेवटची तीन वर्षं तिला दिसत नव्हतं.
मी वाचून दाखवायचो, माझ्यातलं.
एकदा तिनं तिच्यातलं मागितलं,
चिमण्यांची विष्ठा डोळ्यांत पडून
आंधळा झालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट.
मी हसलो. गुरांचा डॉक्टर मी,
हॉर्टोबाजच्या माळावर जन्म गेला,
चिमण्यांनी आंधळं केलेलं एकही जनावर पाहिलं नाही,
आणि माशाच्या पित्तानं उतरलेला पडदा तर नाहीच नाही.
"ते माझ्यात नाहीये," मी म्हणालो.
ती म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'ला दोन हिवाळे झाले.

परवा ते जाड पुस्तक काढलं.
फीत नेमकी तिथंच होती, हे मला आवडलं नाही.
वाचायला लागलो तपासणीला गेल्यासारखा,
बाह्या सरसावून, दोष शोधत.
सापडले. भरपूर सापडले.
आणि मग एका ओळीत
पोरगा प्रवासाला निघतो, सोबत देवदूत,
आणि त्यांच्या मागे कुत्रा.
कुणाचा, कसला, काही नाही.
भुंकत नाही, वाचवत नाही, कशाचं प्रतीकही होत नाही.
मधली सगळी पानं तो कुठं असतो, कोण विचारतो.
परतीच्या वाटेवर पुन्हा आहे, मागे मागेच.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.
खोटं बोलणारा माणूस
कुत्रा कशाला घालेल?

पाळक बेरेनी म्हणाले, "वाचा की, बार्ना.
फक्त त्यावर सगळा भार टाकू नका."
सांधत आलेल्या घोड्याच्या पायाबद्दल
मीही मालकांना हेच सांगायचो.
मालक ऐकायचे. घोडा कुठला ऐकतो!
तो खूर टेकवून बघतो, उचलतो, परत टेकवतो,
आणि एका सकाळी चौघांवर उभा असतो.

खरं सांगायचं तर
माझ्या सहासष्टांतही अशी पानं आहेत
जी मी बर्फावरून अनवाणी पळाल्यासारखी ओलांडली:
नवसापायी पोटच्या पोरीचा बळी देणारा बाप,
टकल्या म्हणून चिडवलं एवढ्यावरून
पोरांना फाडणाऱ्या अस्वली.
त्यांच्याकडे कधी दाखला मागितला नाही.
बापाचं पुस्तक होतं ना.
दाखला फक्त बायकोच्या पुस्तकाकडे मागितला.

त्यातच लग्नाच्या रात्री एक नवरा प्रार्थना करतो.
फार काही मागत नाही,
हिच्याबरोबर म्हातारं होऊ दे, इतकंच.
हे वादग्रस्त कसं काय,
हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

आता दुपारी मोठ्यानं वाचतो.
तिच्या खुर्चीकडे बघून नाही, तसली नाटकं मला जमत नाहीत.
खिडकीकडे तोंड करून, चष्मा सावरत,
खालून ट्राम गेली की थांबून.
पित्ताच्या ओळीपाशी रोज अडखळतो.
डॉक्टर आहे शेवटी.
मग पुढच्या ओळीवर जरासा भार टाकतो,
धरते का बघतो.