ढीग क्रमांक सात

अहमदीच्या दक्षिणेला, तारेच्या कुंपणापलीकडे
जमिनीवर साय धरली आहे.
काळी. पाऊल टाकलं की कडकडते,
आणि कडकडली की खाली अजून मऊ.
विहिरी पेटल्या त्या साली जे जळलं नाही
ते इथे साचून राहिलं.

दलाल मॅडम तेव्हा दहा वर्षांची होती.
(दलाल हे नावच आहे, हसू नका,
तिच्या भाषेत त्याचा अर्थ लाड.)
भर दुपारी दिवे लावून जेवायचो, सांगते,
दोरीवरचे पांढरे कपडे ठिपके घेऊन घरात यायचे.
एवढंच सांगते. मग हेल्मेट चढवून
ढिगाकडे चालू लागते.

ढीग म्हणजे काय, तर
चार वाटे ती माती,
एक वाटा कबदच्या गोठ्यांतली लेंडी,
वफ्राच्या बागांतल्या खजुराच्या झावळ्या, भरडून,
वर गव्हाचा कोंडा.
सगळं मापाने. तरी मफिझुल मुठीत दाबून बघतो:
लाडू वळला पाहिजे, पाणी गळता कामा नये.
त्याची मूठ आणि माझं यंत्र
आजवर दोन टक्क्यांच्या वर भांडलेले नाहीत.

आई फोनवर हसते.
एवढं एम.एस्सी. करून, समुद्र ओलांडून
शेवटी कालवलंस ते शेणच ना!
लेंडी, आई. मेंढीची.
तेच ते. आणि तेल खाणार कोण?
डोळ्यांना दिसत नाहीत असे.
मग त्यांना तोंडी लावायला काही?
लागतं, म्हटलं. नत्र लागतं, ओल लागते, वारा लागतो,
नुसत्या तेलावर कोण जगलंय?
ती गप्प झाली. मीही.
खोलीचं भाडं, घरी पाठवायचे पैसे,
सगळं त्याच तेलातून येतं.

सात नंबर मात्र तापेना.
बाकीच्यांच्या पोटात पन्नास अंश,
जानेवारीच्या पहाटे जवळ गेलं की चष्म्यावर वाफ.
हा आपला एकोणीस.
उलटला, पालटला, लेंडी वाढवली.
सहा आठवडे गेले. फायलीत चिठ्ठी आली: बंद करा.

त्या रात्री मंगफच्या खोलीत, हीटरशेजारी
दूध विरजायला बसले
आणि चमचा हातात तसाच राहिला.

सकाळी तीन नंबरच्या पोटातून
अकरा पाट्या गरम माती काढली,
साताच्या कुशीत नेऊन घातली.
प्रयोगाचं नाव काय लिहू, मॅडमने विचारलं.
विरजण.
तिच्या लिपीत ण नव्हता, न वर भागवलं.

चौथ्या दिवशी एकतीस.
नवव्या दिवशी मफिझुलने बाही सारली,
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि ओरडला, ज्वर! ज्वर!
ताप आल्याचा इतका आनंद
मी कुठल्याच घरात पाहिला नव्हता.

ऑगस्टात तेल उतरलं असं कागद सांगतो.
कागदावर माझा विश्वास आहे,
तरी शेवटची साक्ष गांडुळांची.
काचेची बरणी, साताची माती,
दहा गांडुळं, चौदा दिवस.

पंधराव्या दिवशी बरणी ट्रेमध्ये उपडी केली.
नऊ.
नऊ चालतात. नऊ म्हणजे उत्तीर्ण.
मॅडमने सही केली, मफिझुल चहा सांगायला गेला.

मी चिमट्याने ढेकळं फोडत बसले.
मेलं असेल तर तसं लिहायला हवं.
खिडकीबाहेर तो काळा पसारा, क्षितिजापर्यंत,
आणि माझ्यापुढे ट्रेभर माती,
जिला आता कसलाच वास नव्हता.

चहा आला. निवला.
एक ढेकूळ उरलं होतं, लिंबाएवढं.
चिमटा ठेवला, मोजा काढला, बोटांनीच उकललं,
आणि बोटाला काहीतरी ओलं लागलं,
आखडलं,
आत सरकलं.