दाण्याचा अठरावा भाग

वखारभागातल्या माझ्या दवाखान्यात
शनिवारची गर्दी चेहऱ्यांची असते.
वांग, पुटकुळ्या, डोळ्यांखालचं काळं.
एक बाई दर महिन्याला येऊन विचारतात,
"मॅडम, लग्नातल्या फोटोसारखं होईल का परत?"
मी मंजिष्ठा लिहून देते, सारिवा,
आंबट-खारट कमी, रात्री लवकर झोपा.
त्या सगळं करतात, झोप सोडून.

नसीमा मुलाणीनं तोंड पुढे केलंच नाही.
स्टुलावर बसली आणि दोन्ही हात
माझ्या टेबलावर ठेवले, उताणे,
सौद्याला आणल्यासारखे.
एकोणीस वर्षं यार्डात हळद निवडते ती.
गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं, कणी वेगळी.
नखांच्या मुळापर्यंत पिवळा,
साबणाला न जुमानणारा पिवळा,
आणि बोटांची टोकं गुळगुळीत,
कृष्णेतल्या गोट्यांसारखी.
मधूनमधून चिरा.

मी विचारलं, आग होते का?
"आगीचं काय न्हाई. अंगठा उठंना.
रेशनच्या मशिनीवर चार म्हैनं झालं.
सासूचा घ्या म्हंत्यात, ती तर हातरुणावर.
दुकानदार म्हंतो, मशीन म्हंतंय तू न्हाईसच.
म्या म्हटलं, मग ही पिशवी कुणी धरलीया?"

कॉलेजात त्वचा सात शिकवल्या होत्या.
पहिली अवभासिनी, हिच्यात सगळे वर्ण उजळतात,
जाडी, साळीच्या दाण्याचा अठरावा भाग.
परीक्षेपुरतं पाठ केलं, दोन मार्कांसाठी.
त्या शनिवारी हिशेब लागला:
दाण्याचा अठरावा भाग झिजला
की वीस किलो दाणे अडतात.

हळदीचा लेप सांगायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

मग शतधौत घृत करायला घेतलं.
तांब्याची परात, गाईचं तूप, गार पाणी.
तळव्यानं गोल गोल, पाणी ओतून द्यायचं,
पुन्हा नवं पाणी, पुन्हा गोल.
कंपाउंडर बंडा काडेपेटीच्या काड्यांनी मोजत होता,
मध्येच एक काडी त्यानं कानात घातली
म्हणून शंभराचे एकशेएक झाले असतील.
विसाव्याला तूप सैल पडलं,
चाळिसाव्याला वास गेला,
साठीनंतर पिवळेपणा,
पुढे माझं मनगट बोलायला लागलं.
शेवटी परातीत उरलं ते
पांढरं, गार, लोण्याहून हलकं.
चाखून कुणी त्याला तूप म्हणणार नाही.
हेही मशिनीवर उठायचं नाही, असं मनात आलं
आणि मी उगाच घाईनं हात धुतले.

डबीवर लिहिलं: रात्री लावणे, वर जुनं सुती कापड,
महिनाभर हळद निवडू नये.
नसीमानं ते मला वाचायला लावलं, आणि हसली.
शेवटची ओळ मी तिच्यादेखत खोडली.

पाच आठवड्यांनी आली. चिरा मिटल्या होत्या.
अंगठा?
"अंगठा न्हाई. डावी करंगळी घिटली त्यानं.
तिसऱ्या खेपंला. हिरवं लागलं."
करंगळी वर धरून दाखवली,
लहान मुलीनं शाळेत धरावी तशी.
निवडताना बाजूला राहणारी,
कुठल्याच हळकुंडाला न लागलेली,
तेवढ्याच जागेवर ती अजून लिहिलेली होती.

डबीत थोडं उरलं होतं.
म्हटलं, तोंडाला लावत जा, कांती येते.
"सासूच्या टाचास्नी लावतीया," म्हणाली,
"तिला आता टाचा हाईत असं वाटाय लागलंय."

बाहेर बाकावर त्या फोटोवाल्या बाई होत्या.
नसीमा जाता जाता त्यांच्या पांढऱ्या पर्सला घासली.
बाईंनी रुमाल काढला, पुसायला गेल्या,
पिवळं आणखी पसरलं.