भरवशाची

परतवाड्याला धारणी नाक्यापाशी माझं गॅरेज.
एका मंगळवारी पास्टर तायडे टोचन लावून
पांढरी मारुती घेऊन आले, म्हणाले,
मुस्तकीम, ही एका बाईला द्यायची आहे.
फक्त भरवशाची करून दे.

मी हसलो. आमच्या इकडे
भरवशाच्या म्हशीला टोणगाच होतो.

गाडी अमरावतीच्या कुण्या मेबलबाईंची.
त्या गेल्या, आणि मुलाने गाडीची किल्ली
रविवारी दानाच्या थैलीत टाकली.
थैली फिरवणाऱ्याला वाटलं, चुकून पडली.
बारा वर्षांत अठ्ठावीस हजार किलोमीटर,
तेही बहुतेक घर ते चर्च, चर्च ते घर.
सीटखाली चष्म्याची एक काडी,
विरघळून कागदाला चिकटलेलं पेपरमिंट,
सहावी 'ब'च्या हजेरीचं एक पान,
तीन नावांवर लाल रेघ.
मी ते बिस्किटाच्या डब्यात ठेवलं.
फेकायचा हक्क माझा नव्हता.

मंडळीची एक वही आहे.
कुणाला गाडी, का गाडी, त्यात लिहितात.
यंदा: रामकली बेठेकर, सेमाडोहच्या पलीकडची.
पोराला सिकलसेल. दुखणं रात्रीच उठतं.
दोनदा तिने त्याला मोटरसायकलवर
भावाच्या पाठीला लुगड्याने बांधून आणलं.

"मग बाप्तिस्मा कधी तिचा?"
मी तोंडावरच विचारलं.
पास्टर ब्रेक ऑइलच्या डब्याकडे बघत राहिले.
"मी तुला ब्रेकचं विचारलं, मुस्तकीम.
उतारावर ती एकटीच असणार."

पुढे मी काही विचारलं नाही.
ब्रेक शू बदलले, मास्टर सिलिंडर बदलला,
क्लच प्लेट, रेडिएटरचा पाइप,
आणि मागे सिमेंटची चार पोती टाकून
रात्री घाटात नेली.
तिसऱ्या वळणावर समोर गवा,
डोळे दोन, बाकी सगळा अंधार.
गाडी थांबली. गवा बघत राहिला,
जणू बिल मलाच द्यायचंय.
पार्टचे पैसे मी घेतले. मजुरी वहीत लिहिली
आणि वही मिटली.

बाजार उठला की मैदानात, कोबीच्या सडक्या पाल्यावर,
मी तिला शिकवायचो.
"हिचा कासरा कुठं हाय?" पहिल्या दिवशी तिने विचारलं.
लायसनच्या परीक्षेत रिव्हर्सला नापास.
"उलटी कायले जाऊ? माह्यं दवाखाना तं समोर हाय."
दुसऱ्यांदा साहेबाने पास केली,
बहुधा त्यालाही उत्तर सुचलं नसावं.

द्यायच्या दिवशी पास्टरांनी प्रार्थनेसाठी
बोनेटवर हात ठेवला आणि झटकन उचलला.
एप्रिलचं ऊन. मंडळी हसली,
प्रार्थना छोटी झाली.
रामकलीने चाकाखाली लिंबू ठेवलं.
पास्टर बूट सांभाळून बाजूला सरकले.
मी मनातल्या मनात मास्टर सिलिंडरचं नाव घेतलं.

आठ महिन्यांनी ती ऑइल बदलायला आली.
अकरा हजार किलोमीटर.
मोहाचा वास, कोंबडीची पिसं, मागे गोधडी,
गोधडीत पोरगा, डोळे पिवळसर, तोंड चालू.
एकदा म्हणे यात शेजारची बाळंतीण होती,
एकदा फॉरेस्टचा गार्ड, साप चावलेला.
दोघंही पोचले.
बाळंतिणीच्या पोरीचं नाव काय ठेवलं ते विचारायचं राहिलं.

मी बिस्किटाचा डबा काढून दिला.
पोराने पान उलगडलं, अडखळत वाचू लागला,
लाल रेघेखालची नावं जरा मोठ्याने.
पुढच्या सीटवरून त्याची आई,
आरसा नीट करत, प्रत्येक नावाला: हजर.

गेली ती. घाट इथून लांब,
तिसऱ्या वळणावर ब्रेक लागतो
त्याचा आवाज गॅरेजपर्यंत येत नाही.
तरी हातातली गाडी बंद करून
मी थोडा वेळ ऐकतो.