शंटिंग

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये
पंखे होते सात, फिरायचे चार,
आणि एप्रिलमधल्या त्या रात्री
उखर्डू तायडे मागे मागे सरत होता.

नाव खरंच उखर्डू.
आधीची दोन जगली नाहीत म्हणून आईनं
जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर टेकवून उचललं,
नजर लागू नये.
लागली नाहीच. कोणाचीच.

लोक त्याला शंटिंग म्हणायचे.
दोन पावलं पुढे, तीन मागे,
गाडी काही कुठल्या गावाला पोचत नाही.
'अरे मार ना भो!' लोको शेडवाले ओरडायचे बाकांवर उभे राहून,
'वरातीत नाचू राह्यला का?'
मीही हसलो, दातांत रबर धरून.
मी म्हणजे बुलडोझर चौधरी.
माझा हात बसला की समोरचा बसायचा.

तीन विरुद्ध दोन, मी जिंकलो.
खेळाडूंच्या कोट्यात एकच जागा होती.
मला यार्ड ऑफिसात खुर्ची, पंख्याखालची,
त्याला खलाशाचा हातोडा.
पुढची तीस वर्षं
दर हिवाळ्यात, भरताच्या पार्टीत, काड्यांची आग विझत आली
की मी सांगायचो :
पळपुटा होता. तिसऱ्या राउंडला दम संपला त्याचा.

कॅसेट निघाली माझ्या लग्नाची.
मंगलाष्टकं, पंगत, रुसलेले मामा,
आणि शेवटी उरलेल्या फितीवर ती रात्र,
स्टुडिओवाल्यानं फुकट भरून दिलेली.
जागृतीनं ती मोबाइलवर घेतली.
ती आता स्वतः खेळते, त्रेपन्न किलोत,
माझ्यापेक्षा तिला कळतं, आणि ते ती लपवत नाही.
'पप्पा, तुम्ही हवेला मारताय.'
मोजले तिनं. पहिल्या राउंडला एकोणचाळीस ठोसे.
लागले सहा.
बाकीचे त्याच्या कानाजवळून गेले, चार बोटांवरून,
आणि दर वेळी त्याचा मागचा पाय
आधीच तिथे जाऊन उभा होता.

मग डोकी आपटली.
माझी उजवी भुवई फुटली.
रेफरीनं अंगठ्यानं पुसून पाहिलं, म्हणाला, चालू.
'थांबा, हे बघा,' जागृती म्हणाली.
त्याचा डावा हात,
तोवर पोस्टमनसारखा एकाच दारावर वाजणारा,
खाली आला. छातीवर. खांद्यावर. परत छातीवर.
'डोळा समोर उघडा होता, पप्पा.
दोन जॅब, आणि डॉक्टरनी फाइट थांबवली असती.'
तिनं मागे घेतलं, पुन्हा लावलं.
नऊ वेळा तो हात भुवईपर्यंत आला
आणि वळला.

मी यार्डात नोकरी केलेला माणूस.
रोज रात्री पाहिलंय,
कुठलं वाघीण कुठे जोडायचं, कुठलं सोडायचं,
ते शंटिंगवाल्यालाच माहीत असतं.
तेवढं झाल्याशिवाय
नागपूरची नागपूरला जात नाही.
पण हॉलमध्ये बसून हे कोण आठवतं?

यावल रोडला पेट्रोल पंपाच्या कडेला
तो आता हवा भरतो.
स्कूटर लावली. हेल्मेट काढलं. भुवईवरचा व्रण पुढे केला.
म्हटलं, तिसऱ्या राउंडला तू मारलं का नाही?
बराच वेळ त्यानं माझ्याकडे पाहिलं,
सेहेचाळीस डिग्रीत, कपाळावर हात आडवा धरून.
'कोणता डोळा?' म्हणाला.
मग, 'तू टाके घ्यायला गेला तवा
ढाल माझ्याच हाती दिली व्हती धरायला. जड व्हती, भो.'

वाकला, पुढचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं :
डावा पाय पुढे, उजवा मागे, हनुवटी छातीत,
एकसष्टाव्या वर्षी, कॉम्प्रेसरच्या फडफडाटात.
दोन चाकांचे दहा रुपये.
माझ्याकडे पाचशेची नोट.
'राहू दे,' म्हणाला.
मी खिसे चाचपत राहिलो.
'राहू दे ना.'