वाळे

तिचं रडणं दिसतं.
तोंड उघडतं, कपाळ लाल होतं, पाय झाडते
आणि गळ्यातल्या नळीतून नुसता वारा येतो,
कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसला.

नळावरची बाई म्हणाली,
किती गरीब लेकरू गं तुजं, रडतच न्हाई.
मी हो म्हणाले.
दर वेळी कुणाकुणाला पट्टी उकलून दाखवायची.

शकीलाआपा एकदाच बघून गेली.
दुसऱ्या दिवशी चार पट्ट्या शिवून आणल्या,
जुन्या सुती ओढणीच्या,
माझं एक बोट आत जाईल एवढ्याच सैल.
आणि वाळे, घुंगरांचे.
म्हणाली, गळ्याला आवाज न्हाई ना, मग पायाला दे.

तेव्हापासून भाकरी थापते ती कान तिच्या पायाकडे लावून.
एकदाच वाजलं तर कूस बदलली.
भरभर वाजलं तर भूक, नाहीतर राग.
आणि लई वेळ काहीच वाजलं नाही
की पिठाच्या हातानं पळते,
छातीवर हात ठेवते.
तिच्या झबल्यांवर माझे पांढरे पंजे असतात.

दिवसातून दहा-बारा वेळा मशीन.
नळीत नळी घालायची, खुणेपर्यंतच,
मनात पाच म्हणायचे,
बाहेर काढायची.
तेवढा वेळ मीही श्वास घेत नाही.
अंबाजोगाईच्या सिस्टरनं आधी बाहुलीवर शिकवलं होतं.
बाहुली माझ्याकडे बघत नव्हती.

जन्मली तेव्हा रडली होती ही.
सहा दिवस रडली, सगळा वॉर्ड उठवला.
तो आवाज कुणाच्याच मोबाईलमध्ये नाही.
तेव्हा कुणाला सुचलं असतं?
डॉक्टर म्हणतात, दोन वर्षांनी नळी निघेल, कदाचित.
मी 'दोन वर्षं' घरी आणलं,
'कदाचित' तिथंच बाकड्यावर ठेवून आले.

परळीत दुपारपर्यंत खिडकीच्या कडेवर
बोटानं नाव लिहिता येतं, एवढी राख.
संघपाल राखेच्याच टँकरवर आहे.
दारातच डोकं धुतो, कपडे बाहेरच भिजवतो,
मग उंबऱ्यावरून विचारतो,
काय करायली आमची सम्यका?
खिडक्यांना मी ओली मलमल बांधते.
संध्याकाळी पिळली की करडं पाणी.
ते बादलीत थोडा वेळ बघते,
मग ओतते.

काल रात्री लाईट गेली.
दारातून थर्मलच्या चिमण्या दिसत होत्या,
वर लाल दिवे.
इथली वीज कुठं कुठं जाते,
आमच्या गल्लीत यायला तेवढी दमते.
मी मोबाईल दातात धरला,
संघपालनं पायाचा पंप ओढला
आणि अर्ध्या झोपेत दाबायला लागला,
क्लच दाबावा तसा.
हळू, मी दातातूनच म्हणाले, गाडी न्हाई ती.
तो हसला. मला हसू आलं,
मोबाईल पडला
आणि मोजणं चुकलं, तीनवर होते की चारवर.
नळी पटकन काढली.
मग कुणीच काही बोललं नाही,
अंधारात तिचा श्वास ऐकत बसलो,
स्वच्छ, कोरडा, सरळ.

हसतानाही तिचा आवाज होत नाही.
पण गादीच्या त्या टोकाला
वाळे वाजायला लागले,
भुकेचे नाहीत, रागाचे नाहीत,
हे वाजणं मी अजून शिकलेच नव्हते.